वासाची चौकशी

धाप लागते, म्हणाली यास्ना.
लागणारच. आठवा लागलाय,
बाळाची टाच बरगडीखाली,
आणि आमच्या बेटावरची घरं
सगळी चढावर.
चौतीस वर्षं सुईण आहे मी अचाओच्या दवाखान्यात.
नुसत्या धापेवरून कुणाला
फेरीबोटीवर चढवलेलं नाही कधी.

थकवा? तोही आहेच.
नाक? पोटुशीचं चोंदतंच.
ताप नाही. खोकला थोडा,
पण जुलैत इथे खोकत नाही कोण,
ओल्या लाकडाची चूल पेटती ठेवून
दारंखिडक्या लावून बसलेली माणसं आम्ही.

रेडिओ दिवसभर लक्षणं सांगतो.
त्यातली निम्मी मी
दर गरोदर बाईच्या कार्डावर
आधीपासूनच लिहीत आलेय.
हे दुखणं आलं तेच
गरोदरपणाचा झगा घालून.

मग निघताना, दाराशी, कोट चढवता चढवता
ती सहज बोलून गेली:
"एक मात्र बरं झालं, दोन्या ग्रिसेल्दा.
रुबेनचा वास यायचा थांबला."

रुबेन सॅमनच्या कारखान्यात आतडी काढतो.
दुसऱ्या महिन्यापासून तो वास तिला सोसवेना.
बिचारा अंगणातच कपडे उतरवायचा,
कोपरापर्यंत हात लिंबानं घासायचा,
आणि तरी झोपायचा सैपाकघरातल्या बाकावर.
"काल आला तसाच, बूट न काढता,
तर मीच मिठी मारली त्याला.
काही म्हणजे काही नाही आलं.
सहा महिन्यांनी, बघा."

ती हसत होती.
मी तिच्या अंगावरचा कोट काढून घेतला.

कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरला.
डोळे मिटून तिनं श्वास ओढला,
शहाण्या मुलीसारखा.
"काय आहे?"
"डबा," म्हणाली. "पत्र्याचा."
मग स्पिरिटचा बोळा.
मग, सांगायला लाज वाटते,
मांजरासाठी ठेवलेली
माशांच्या डोक्यांची पिशवी.
तिनं नाक आत घातलं,
आणि ते हसू कुठल्या टाक्यापासून
उसवायला लागलं, ते मी पाहिलं.

नखांना लाल पॉलिश, बहिणीनं हौसेनं लावलेलं.
तर्जनीचं तेवढं पुसून चिमटा लावला.
त्र्याण्णव.
घड्याळ हातात धरून छाती मोजली,
पुरता मिनिटभर, अठ्ठावीस.
एरवीची धाप बसलं की उतरते.
ही तिच्याबरोबरच खुर्चीत बसली होती.

नाकात काडी घातली.
"मेंदू खाजवताय की काय?"
नळी बंद केली, वर लिहिलं:
यास्ना मान्सिया, वय सव्वीस, आठवडे तेहेतीस.
नळी आणि यास्ना
एकाच फेरीनं गेल्या.

उत्तर चार दिवसांनी आलं.
त्याची वाट न बघताच सगळं केलं होतं मी,
तरी कागद हातात पडला
तेव्हा बसावं लागलं.

आता कार्डावर मी एक ओळ पेनानं वाढवते,
छापील रकान्यांच्या खाली: वास?
बायका चकित होतात.
एकीनं लिहायला लावलं, "नवऱ्याचा, की एकूण?"

सप्टेंबरात यास्ना मुलगा दाखवायला आली.
ऑक्सिजनची नळी गालावर जिथे रुतली होती
तिथे अजून पुसटशी रेघ.
नाक अजून मुकंच.
"कसा येतो हो याचा वास?" तिनं विचारलं.
"रुबेनला विचारलं,
तर म्हणतो, मला माशाशिवाय कशाचाच येत नाही."

माझ्या तोंडावर दोन मास्क.
दार उघडं होतं, वारा होता,
आणि नियम माझ्याच हातचा, भिंतीवर चिकटवलेला.
मी खिडकीकडे सरकले, त्याला घेऊन,
मास्क खाली ओढले, एका श्वासापुरते,
त्याच्या जावळात.

"कोमट," म्हटलं. "आणि जरा धुराचा."

"धूर," ती म्हणाली.
"धूर आठवतो मला."