भोकांचं पुस्तक

बालवाडीतून आणलेल्या पुस्तकात
रॉकेट बर्फावर उतरलं होतं.
सारम्मा पाच वर्षांची. तिनं बर्फ पाहिलाय तो
रसाच्या गाड्यावर, भुश्शातला, गोणपाटात गुंडाळलेला.
म्हणाली, एवढा बर्फ! रसवाला तिथंच राहत असणार.
पुस्तक सोमवारी परत द्यायचं होतं
आणि शेवटच्या पानाचं आधीच कुणीतरी
विमान करून उडवलेलं.

मी कार्डं पंच करतो, साखर पेठेत, एकवीस वर्षं.
चादरीवर मोर येतो तो आधी
माझ्या हाताखालून भोकं होऊन जातो.
भोक असेल तिथं दोरा वर,
नसेल तिथं खाली.
मागाला एवढंच वाचता येतं.

बाद कार्डांचं पोतं कोपऱ्यात पडलेलं:
कुणाला नको झालेली कमळं,
अर्धा ताजमहाल,
एका उमेदवाराचं नाव (तो पडला, ऑर्डरही पडली).
त्यातली चौदा काढली, कडेनं ओवली,
वर स्केचपेननं चित्रं काढली.
माझा हात चित्रकाराचा नाही.
माणूस काढला की बादली होते.
म्हणून मग यंत्रमानवच काढला.

गोष्ट अशी, की एक माग
रात्रपाळी सोडून चंद्रावर जातो,
कारण चंद्राला थंडी वाजते.
बाहेर मे महिना, पत्र्याखाली आम्ही तिघं,
कूलरमध्ये पाणी नाही.
थंडी पटवायलाच मला तीन पानं लागली.

त्याला तोंड का नाही, सारम्मा विचारते.
मी तोंड काढलं.
मग तो खातो काय?
सूत.
नुसतं?
शेंगाचटणीबरोबर.
विड्या वळता वळता तिची आई म्हणाली,
आणि तिथं लाईट कुणाची?
बरोबर त्याच वेळी इथली गेली.

मी मोबाईलची बॅटरी लावली.
तिनं पुस्तक उजेडासमोर धरलं मात्र,
बादलीतोंड्या यंत्रमानवातून, त्याच्या पोटातून, गुडघ्यांतून
भिंतभर ठिपके सांडले,
पाण्याच्या पिंपावर, आईच्या सुपातल्या पानांवर, छतावर.
चुक्कलु, ती ओरडली. नायना, चुक्कलु!
आमच्या घरच्या तेलुगूत
ठिपक्याला आणि ताऱ्याला एकच शब्द आहे.
एकवीस वर्षं मी काय पाडत होतो
हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पण तिचं तेवढ्यावर भागेना.
गोष्ट मागाची आहे ना?
मग त्याला कुठं वाचून दाखवली?

सुट्टीच्या दिवशी जॉबर कोंडय्याच्या हातापाया पडलो.
तो हसला, म्हणाला, मालकाला कळलं तर तुझं नाव सांगीन.
चौदा पानं वर चढवली, पट्टा फिरवला.
खटक्, एक पान.
खटक्, दुसरं.
चौदा संपली, आणि तो थांबेना,
पुन्हा पहिल्यापासून,
पुन्हा तिथंच, जिथं माग जिना उतरतो.
सारम्मा कानांवर हात ठेवून मोठ्यांदा म्हणाली,
हाही माझ्यासारखाच वाचतो की.

वीतभर कापड निघालं.
त्यात मोराच्या तुऱ्याची टोकं, घुमटाचा काठ,
उमेदवाराच्या नावातली एक वेलांटी,
आणि मधेमधे जे काही होतं
त्याला आमच्या धंद्यात नाव नाही.
मी तपासनीस असतो तर बाजूला टाकलं असतं,
मजुरी कापली असती.
तिनं ते उलट धरलं, सुलट धरलं,
मग म्हणाली, हे शेवटचं पान.

सोमवारी बालवाडीचं पुस्तक परत गेलं,
फाटलेल्या पानाच्या जागी कापडाची पट्टी टाचून.
बाईंनी विचारलं असणार, हे काय.
तिनं काय सांगितलं, ठाऊक नाही. मी कामावर होतो.

संध्याकाळी दप्तरात नवं पुस्तक होतं:
समुद्राखालचं शहर, काचेची घरं, दिवे लावलेले मासे.
वर चिठ्ठी, सांभाळून वापरा.

कार्डं अजून पोतंभर आहेत.
निळं स्केचपेन मात्र संपलंय.