मोजणी

"हे काय करून रायली?" बाप म्हणाला.
रात्रीचे साडेदहा. सेवा केंद्राचं शटर अर्धं खाली.
तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढून
निवृत्त झालेला माणूस उंबऱ्यावर बसून
स्क्रीनवरची निळी पट्टी बघत होता.

वाटणी, मी म्हटलं.
पाचशे जीबीची डिस्क एक, हिस्से दोन.
विंडोज ठेवावंच लागतं,
अंगठ्याचं मशीन दुसऱ्या कुणाला ओळखत नाही
आणि गावाची पेन्शन अंगठ्यावर.
पण चार जीबीत ते धापा टाकतं,
ऐन गर्दीत अपडेटला बसतं,
कृपया बंद करू नका म्हणतं. म्हणून लिनक्स.
निकेशनं साकोलीहून पेनड्राइव्ह पाठवला,
काडीपेटीत घालून, कंडक्टरच्या हाती.

"मंग आधी उतारा काढून ठेव.
वाटनीच्या दिवशीच कागद हरवतात लोकायचे."
ठेवला. नऊ वर्षांचे उत्पन्नाचे दाखले,
सरपंचाच्या भाच्याचं अर्धवट लग्न,
आणि "नवीन फोल्डर (७)", ज्यात काही नाही.

माउसनं रेघ ओढायला घेतली.
"धुरा सरळ घे," मागून आवाज.
"वाकडा धुरा दोन पिढ्या बोलतो."
अर्ध्यावर विंडोज अडलं. यापुढे सरकत नाही.
मध्ये कुठे तरी एक फाइल, न हलणारी.
"असतेच," बाप म्हणाला, जणू त्यानंच ती पुरली होती.
"कोनाची विहीर, कोनाची बोर.
तिले सोडून माप."

सोडून मापलं.
लिनक्सला जरा कमी आलं. ते काही बोललं नाही.

बासष्ट टक्क्यांवर बल्ब पिवळा पडला.
लॅपटॉपची बॅटरी दिवाळीपासूनच मेलेली,
इन्व्हर्टर कुंथतोय.
बापानं उठून पंखा बंद केला,
मग बल्ब बंद केला,
मग अंधारात मांडीवरचे मच्छर मारत बसला.
त्रेसष्ट.
बराच वेळ त्रेसष्ट.

सकाळी साडेनऊला चंद्रभागा काटेखाये
पदराला अंगठा पुसत आली.
विंडोज सुरू केलं तर कोपऱ्यात पहाटेचे चार,
आणि पोर्टल दार उघडेना.
घड्याळ आत एकच, वाचणारे दोघं.
लिनक्स त्यात परदेशातला वेळ लिहून गेलेलं,
विंडोज तोच इथला समजून बसलेलं,
मध्ये साडेपाच तासांचा खड्डा.
चंद्रभागाबाई वाकून म्हणाली,
"चारले त मी शेन काढत राहतो, पोरी."

बापानं बाहेर जाऊन सावली पाहिली,
आत येऊन सांगितलं, साडेनऊच.
मग मला समजावलं, जसं दोन चुलतभावांना समजवायचा,
"हद्दीचा दगड एकच असते.
दोघायनं त्याच्याचपासून मोजलं पायजे."
एक ओळ टाइप केली. लिनक्स ऐकलं.
अंगठा चौथ्या वेळेला उमटला.

आता रोज सकाळी मशीन मीच लावते,
पण त्या काळ्या पाटीपाशी बाप येऊन उभा राहतो.
पांढऱ्या अक्षरांत दोन नावं,
खाली उलटे आकडे: दहा, नऊ, आठ.
त्याला कुठलंच आत जायचं नसतं.
त्याला एकच बटन येतं, खालचा बाण.
तो दाबला की आकडे थांबतात
आणि मशीन, कितीही वेळ, तुमची वाट बघतं.
आयुष्यभर साहेबाच्या इशाऱ्यावर चाललेला माणूस
पाचवर बाण दाबतो,
मोजणी थांबवतो,
आणि चहा घ्यायला निघून जातो.

शटरबाहेर लोक जमलेले.
मी हात मागे घेऊन बसते,
तो कप विसळेपर्यंत.