मीठ लावणे

बंदीचे दोन महिने होड्या काठावर, झापांखाली.
सोसायटीनं बर्फाच्या कारखान्यामागची खोली दिली
तारामुंबरीच्या वर्गासाठी.
तीन कॉम्प्युटर. तिसऱ्याचा पडदा गेलेला,
तो नुसता बटणं ओळखायला.

"हा माऊस," मी म्हणाले.
"ह्येका मांजराक दाखवू नको गो," द्वारका कोयंडे म्हणाली
आणि वर्ग सुरू झाला.

कोळंबी सोलून सोलून चिरलेली बोटं,
पण बाण कुर्लीसारखा तिरका पळे.
माऊस सरकत सरकत कडेला आला, ती थांबली:
"टेबल संपलां. आता खय जाऊ?"
उचल आणि परत आण, एवढं सांगायलाही
मला कुणी शिकवलं नव्हतं.

कासमचाचा मुकादम, चाळीस वर्षं तांडेल.
त्यांना डबल क्लिक शेवटपर्यंत जमलं नाही.
दोन टिचक्यांमधून
एक अख्खी लाट निघून जायची.

मग एका दुपारी लाईट गेली.
तिनं तासभर लिहिलेला अर्ज गेला.
मी सांगू लागले: सेव्ह करणं, जतन करणं, मेमरी...
ती ऐकत होती. मग म्हणाली,
"म्हंजे मीठ लावूचां.
तसांच ठेवलंस तर कुसतलां."
त्यानंतर आमच्याकडे सेव्ह कुणी म्हणत नाही.
उठताना एकमेकींना विचारतात, मीठ लावलंस?

तिचं नाव जोडाक्षरानं सुरू होतं, हा एक त्रास.
द, मग पाय मोडायचं बटण, मग व, मग काना.
पाय मोडल्याशिवाय द्वारका होत नाही.
आठवडा गेला त्यात.

श्रावण लागायच्या सुमारास
पोलक्यातून घडी केलेला कागद काढला तिनं.
गट नंबर. जिथं ती बांगडे वाळवते ती जागा.
सातबारा कुठं बघायचा ते मी दाखवलं
आणि शेजारच्या खुर्चीकडे गेले.

नाव शोधा. तिनं एका बोटानं लिहिलं.
नोंद सापडली नाही.
मला वाटलं, पाय मोडायचा राहिला.
पुन्हा. सापडली नाही.
मग नंबर घातला.
दोन दीरांची नावं आली, एकाखाली एक.
नवऱ्याच्या नावाला कंस पडलेला.
पुढं काही नाही.

ती वर गेली, खाली आली, परत वर गेली.
बाण आता कुठंच पळत नव्हता.
बाहेर कारखान्यात बर्फ फोडत होते.
मी काहीतरी बोलणार होते,
वारसनोंद, तलाठी, असलं काही.

तिनं पडद्यावरून नजर न काढता विचारलं,
"ह्येका मीठ कसां लावूचां?"

नारळीपौर्णिमा झाली, होड्या गेल्या, वर्ग ओसरला.
गुरुवारी ती येते. टोपली दाराबाहेर ठेवते.
माऊसला आता बांगड्याचा वास आहे,
मी पुसत नाही.