अर्धा इंच

कौन्सिलचं पत्र आलं: कालव्याच्या काठानं सूर्यमाला हवी,
एका मीटरला दहा लाख किलोमीटर.
हडर्सफील्डच्या जुन्या गिरणीपाशी सूर्य,
आणि साडेचार किलोमीटर चालत गेलं की
मिल्न्सब्रिजच्या पुढे, नेपच्यून.

विल्फ आर्मिटेज लेथवर, मी मायक्रोमीटरवर.
त्यानं कातायचं, मी मोजायचं,
नऊ वर्षं आमचं असंच चाललंय.
तो सगळ्यांना 'लव्ह' म्हणतो, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा.
मी माल परत पाठवला की मात्र
काहीच म्हणत नाही.

गुरू त्यानं गोल कातला. अगदी गोल.
मी परत पाठवला.
दहा तासांत एक गिरकी घेतो तो, विल्फ,
पोट सुटणारच.
कमरेला एकशे त्रेचाळीस मिलिमीटर,
डोक्यापासून पायापर्यंत एकशे चौतीसच.
त्यानं चष्मा कपाळावर ढकलला:
"बेचाळीस वर्षं वाकडं निघू नये म्हणून राबलो.
आता वाकडं मागतेस?"
दुपारी आणून ठेवला टेबलावर,
हवा तेवढाच चपटा. मग
बिस्किट चहात बुडवत बसला, माझ्याकडे पाठ करून.

शुक्र उलटा फिरतो,
आणि त्याचा एक दिवस त्याच्या वर्षाहून लांब.
"नाइट शिफ्ट," विल्फ म्हणाला.
युरेनसचं भोक आडवं पाडलं,
तो कुशीवर निजूनच सूर्याभोवती जातो.

शनी पाण्यापेक्षा हलका, मी वाचून दाखवलं.
विल्फनं पोलाद बाजूला सारलं,
अॅश लाकडाचा ठोकळा शोधला, बायकोच्या मोडक्या खुर्चीचा नव्हे,
असं त्यानंच दोनदा सांगितलं.
लंच अवरमध्ये आम्ही दोघं कालव्यावर.
शनी टाकला पाण्यात.
बुडाला, वर आला, तरंगत राहिला,
एक बदक येऊन बघून गेलं.
संध्याकाळी वाळवायला पिशवीत घालून मी घरी नेला.
कऱ्हाडला आईला फोनवर सांगितलं नाही
की शनी घरात आणलाय, रेडिएटरवर ठेवलाय,
आणि तोही आपणहून.

मंगळ सहा पूर्णांक आठ मिलिमीटर.
माझ्या पत्रिकेतला हाच.
ह्याच्यामुळे तीन स्थळं दारातून परत गेली.
मी चिमटीत धरून पुष्कळ वेळ मोजला,
मोजायचं संपलं तरी.
रंग द्यायचा नाही, मी विल्फला म्हटलं,
खराही गंजूनच लाल झालाय.
हा पाऊस पुरे आहे त्याला.

पृथ्वीसाठी विल्फ लेथकडे गेलाच नाही.
ड्रॉवर उघडला, बेअरिंगची गोळी काढली:
"अर्धा इंच. तयार माल, लव्ह."
मी मोजली.
कमरेला छप्पन्न मायक्रॉन कमी,
आणि चपटेपणा अजिबात नाही.
केसाहूनही बारीक चूक,
पण ह्याहून बारीक चुकीवर
मी शाफ्टच्या शाफ्ट भंगारात घातल्यात.
गोळी फिरवत राहिले.
हिमालय नऊ मायक्रॉन, बोटाला लागणारही नाही.
कऱ्हाड ते हडर्सफील्ड,
विमानाचं कर्ज, दोन हिवाळे न उघडलेली बॅग,
सगळं मिळून सात मिलिमीटर.
विल्फ बघत होता, काहीच न म्हणता,
म्हणजे परत येणार अशी तयारी ठेवून.

मी 'पास'चा शिक्का मारला.

शनिवारी खांब बसवायला निघालो.
विल्फचा गुडघा शनीपर्यंत टिकला,
तिथल्या बाकावर तो बसला फ्लास्क घेऊन.
पुढे मी एकटी.
युरेनसनंतर दीड किलोमीटर काहीच नाही:
नेटलची झुडपं, पाण्यात पडलेली सुपरमार्केटची ट्रॉली,
एक सायकलवाला, तोही उलट दिशेनं.
नेपच्यूनवर ताशी दोन हजार किलोमीटर वारा असतो.
मी बोल्ट आवळला तेव्हा
पानसुद्धा हलत नव्हतं.

परत आले तर विल्फ तिथंच.
"सगळे आपापल्या जागी?"
हो म्हटलं.
गिरणीकडे येताना मंगळापाशी वाकून पाहिलं,
खालच्या बाजूला, जिथे थेंब साचतो,
गंज चढायला लागला होता.