चेंडू मागणारा हात

तिसऱ्या बेसच्या मागे, वरून चौथी रांग,
एप्रिल सरत आला तरी खुर्चीचं लोखंड गारच.
ईरी सरोवरावरचा वारा थेट बाहीत शिरतो.
मी पेन्सिलीला टोक काढते.
शेजारी ओटिस पेटवे कानाला रेडिओ लावून,
सामना डोळ्यांपुढे चाललेला असताना.
म्हणतो, नुसत्या डोळ्यांवर भरवसा नाही राहिला, वांडा.

चोवीस वर्षं मी हा संघ वहीत मांडतेय.
पाच मॅनेजर बघितले.
एक पंचावर धावून जायचा, टोपी आपटायचा,
पण पोरं त्याच्यासाठी गुडघे फोडून घ्यायची.
एकाने सख्ख्या जावयाला शॉर्टस्टॉपला उभं केलं,
त्याच्या पायांतून चेंडू जायचे
कुंपणातून मांजर जावं तसे, बिनबोभाट.
आणि आता हा हॉलिस ब्रेनर्ड.
ओरडत नाही. थुंकतसुद्धा नाही.
मागच्या खिशातून घडीचा कागद काढतो,
वाचतो, परत ठेवतो.

कागद येतो वरून, काचेच्या खोलीतून.
तिथल्या पोरांच्या मानेला कधी ऊन लागलेलं नाही.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच,
फक्त यांच्या उंटाला एसी आहे.

आज उंचवट्यावर यादिएल मोन्तास, वय एकवीस.
सहा इनिंग, दोन हिट.
सातवीत पहिले दोघे बॅट खांद्यावर ठेवूनच परतले,
माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं आनंदाने.
मग एकाला फुकटचा बेस. एकालाच.
आणि डगआउटची पायरी चढून ब्रेनर्ड बाहेर.

अरे नको, मी म्हटलं.
पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं इतक्या मोठ्याने.
पंच्याण्णव पिच झाले, ओटिस म्हणाला.
कागदात पंच्याण्णवच लिहिलेले असणार.
कागदाला दिसला का त्याचा खांदा?
कसा सैल होता, तेल दिलेल्या बिजागरीसारखा?

ब्रेनर्ड सावकाश चालतो.
चुन्याच्या रेघेवर पाय देत नाही, ओलांडतो.
पोरापाशी जाऊन काही बोलत नाही,
नुसता हात पुढे करतो, तळवा वर.

तो तळवा मी ओळखते.
बस डेपोत, ऑक्टोबरात, मार्लीन दुशेकने असाच केला होता.
एकतीस वर्षं शाळेची बस, रूट नऊ.
डोळ्यांचा रिपोर्ट आलाय, वांडा, एवढंच म्हणाली.
मी किल्ल्या ठेवल्या त्या तळव्यावर,
प्लॅस्टिकच्या पिवळ्या बदकासकट.
अख्खा हिवाळा तिच्याशी बोलले नाही.
त्याच हिवाळ्यात फुलरटन रस्त्यावर, धुक्यात,
नऊ नंबरसमोर हरीण आलं,
मागे बावीस मुलं.
नवा ड्रायव्हर वेळेवर थांबला.
मी थांबले असते?
हा रकाना मी कोरा ठेवलाय.

यादिएलने चेंडू दिला. खाली बघत.
बुलपेनमधून आलेल्या दांडग्याने दोनच चेंडू टाकले;
दुसरा डाव्या कुंपणावरून गेला,
बहुतेक कुणाच्या तरी गाडीच्या काचेवर पडला.
दोन विरुद्ध एक. त्यांचे दोन.
मग मीही ओरडले, सगळ्या स्टेडियमसारखी,
ब्रेनर्डच्या आईबापांना सोडून बाकी सगळं काढलं.

नववी इनिंग कशी संपली ते वहीत आहे, सांगत नाही.

लोक उठले. ओटिस रेडिओच्या बॅटऱ्या काढत होता,
घरी जाताना तो नेहमी काढतो, वाचवतो.
डगआउटमध्ये पोरगा डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेला.
ब्रेनर्ड त्याच्याशेजारी, वीतभर अंतर ठेवून.
सूर्यफुलाच्या बियांची पुडी मधे.
बराच वेळ कुणाचाच हात पुढे झाला नाही.
मग टॉवेलखालून एक झाला.

चल, ओटिस म्हणाला, पार्किंगचे दिवे मालवतील.
मी वही मिटली.

तरी सांगते, अजून एक बॅटर द्यायला हवा होता त्याला.
एकच.