अस्पष्ट, दोन सेकंद

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर
मी रात्रपाळीत भाषणं टाइप करते.
ह्या उन्हाळ्यात वाट्याला आला एकच देश,
बेचाळीस वर्षं, बेचाळीस भाषणं,
जुन्या टेपांवरून उतरवलेली.
देशाचं नाव टाइप केलं की खाली लाल रेघ येते,
कॉम्प्युटरला ते नाव म्हणजे चूक वाटते.
शेवटी मी तो शब्द डिक्शनरीत टाकला.
त्या देशासाठी मी केलेलं एवढंच.

पहिल्या वर्षी आवाज कोवळा आहे.
तो सगळ्यांचे आभार मानतो,
अध्यक्षांचे, सरचिटणिसांचे,
ज्यांनी लुटलं त्यांचेही, नाव घेऊन.
म्हणतो, आमचा झेंडा शिवायला
शाळेच्या खिडकीचा पडदा कापला.
मी लिहिते: [हशा, एकाचा].

सहाव्या वर्षी मासे. नवव्या वर्षीही मासे,
दुसऱ्यांच्या बोटी, आमचं पाणी.
बाराव्या वर्षी तो विहिरीवर येतो,
पाणी जरा खारट लागतंय असं काहीसं,
तेवढ्यात अध्यक्षांची बेल वाजते.
तेराव्या वर्षी तो विहिरीपासूनच सुरू करतो.

मे महिना. रात्री दोनलाही भिंतींना हात लावत नाही.
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलंय
आम्ही समुद्रसपाटीपासून तीनशेवर मीटर.
त्याच्या देशातली सगळ्यात उंच जागा साडेतीन,
आणि तिथे, तो सांगतो, आमची दफनभूमी आहे.
मी समुद्र एकदाच पाहिला, श्रीवर्धनला,
कॉलेजच्या सहलीत, चप्पल हातात घेऊन.

आई अंगणवाडीत आहे, काटोलकडे.
डिसेंबरात अधिवेशन आलं की मोर्चात येते,
टेकडी रोडवर कठड्यांपाशी बसते,
संत्र्याची सालं पदरात.
बॅनरचं एक टोक तिच्याकडे,
दुसरं शेवंताबाई नेवारेंकडे.
बॅनर तेच. साल तेवढं बदलतात,
जुन्या आकड्यावर नवा कागद, खळ लावून.
तिथे आता पुठ्ठ्यासारखा थर झालाय.
निवेदन घ्यायला कोणीतरी येतं,
मंत्री नाही, मंत्र्याच्या माणसाचा माणूस.
"वाचते काय वं कोणी?" मी एकदा विचारलं.
"वाचो न वाचो. पोच तर देतेत.
साऱ्या पोचा ठेवल्या मी, बिस्किटाच्या डब्यात."

एकोणतिसाव्या वर्षी तो माणूस नाही.
एक बाई बोलते. आभार मानत नाही.
म्हणते, मागच्या वर्षीचं भाषणच
जसंच्या तसं वाचते,
काही बदललं नाही,
फक्त एक गाव वजा करा.
मी जुनी फाईल उघडून ताडून पाहिलं.
खरंच. खोकलासुद्धा त्याच जागी, तिचा वेगळा.
म्हणजे कॉपी-पेस्ट चाललं असतं.
मिनिटामागे पैसे आहेत, कोणी विचारलं नसतं.
मी परत टाइप केलं सगळं.
त्या रात्री माझं टार्गेट हुकलं.

बेचाळिसाव्यात टाळ्या नाहीत, खुर्च्यांचा आवाज आहे,
लोक जेवायला उठून राहिले असतील.
ती माईककडे वाकते, आपल्या भाषेत काही म्हणते.
दुभाषी गप्प. त्याच्याकडे ती भाषा नाही.
नियमाने लिहायचं: [अस्पष्ट, दोन सेकंद].
तसं लिहिलं.
मग नऊ वेळा मागे नेऊन ऐकलं,
आणि ऐकू आलं तसं वहीत उतरवलं,
किराणाच्या यादीखाली, देवनागरीत.
चुकलंही असेल.

सकाळी सातला पोह्यांच्या ठेल्यावर
तर्री अजून उकळायची होती.
आईचा फोन. "झोपली नाही काय वं?"
मी म्हटलं, ऐक. आणि तो शब्द म्हणून दाखवला.
"कोणती भाषा हे?"
म्हटलं, लहान आहे.
पलीकडे कोंबड्या, बादलीचा आवाज.
"परत म्हण," ती म्हणाली.