दंड

तिचा काळा झगा माझ्याकडे यायचा वर्षातून दोनदा,
उन्हाळी सुट्टीच्या आधी, आणि पहिला बर्फ पडला की.
सव्वीस वर्षं.
न्यायाधीश रोझली व्रोबेल.
पावतीवर मी मराठीत लिहायचो: व्रो., काळा.

उजवी बाही आधी विरायची, कोपरापाशी.
मेजावर रेलून ऐकायची सवय असणार.
डावी मात्र नव्यासारखी.
मी कोर्टाची पायरी कधी चढलो नाही,
पण कुठल्या वर्षी खटले लांबले
हे मला कापड सांगायचं.
खिशात निघायचं: खोकल्याची गोळी, अर्धी पेन्सिल,
एकदा तान्ह्या बाळाचा मोजा.
कुणाचा, मी विचारलं नाही.

विट्याला आई जुनेर मधोमध फाडायची,
विरलेलं तेवढं काढून टाकायची
आणि उरलेले दोन तुकडे जोडायची.
दंड घालणं म्हणायची त्याला.
इथे ईरीत, सहाव्या रस्त्यावरच्या त्या खांबांच्या इमारतीत
ही बाईही दंडच घालायची.
एकच शब्द. तो मला इंग्रजीत
कधी कुणाला समजावता आला नाही.

मग डॅरिलचं प्रकरण.
माझ्याकडे इस्त्रीला होता. कॉलर अशी बसवायचा
की गिऱ्हाईक त्याचं नाव विचारून जायचं.
पेट्रोल पंप, रात्र, उसनं पिस्तूल.
सात वर्षं.
त्याच आठवड्यात झगा आला.
खिशात कागदाचा बोळा. मी उलगडला, उलगडायला नको होता.
पाच. खोडलेलं.
चार. खोडलेलं.
पुन्हा पाच, मग सहा, मग नुसत्या रेघा,
पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलेला.
सात कुठेच नव्हतं.

मी बोळा होता तसा करून परत ठेवला.
बाही शिवली. टाके त्या दिवशी
जरा जास्तच बारीक पडले, रागाने की कशाने, देव जाणे.
ती आली, पैसे दिले.
सरोवर गोठायला लागलंय, म्हणाली.
हो, म्हटलं, यंदा लवकर.

गेल्या महिन्यात आली, शुक्रवारी,
मी शटर ओढायच्या बेतात असताना.
कोर्टात केक कापला म्हणे,
भाषण करणाऱ्याने तिचंच आडनाव चुकवलं.
हसली. झगा काउंटरवर ठेवला.
काय करायचं याचं? मी विचारलं.
ती बाहीवरून हात फिरवत राहिली.
धुवायचा? शिवायचा? कापून नातीला काही?
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
निकाल तिला सुचेना.
ठेवा, म्हणाली. मग दारात थांबून, ठेवाल ना?

सवयीने मी खिसे उलटे केले. रिकामे.
पावती फाडली, व्रो., काळा,
तारखेची जागा तशीच सोडली.

लग्नाच्या कोटांमागे टांगलाय.
तीस दिवसांनंतर आम्ही जबाबदार नाही
असं भिंतीवर माझ्याच अक्षरात आहे.

डॅरिल सुटून आला त्याला नऊ वर्षं झाली,
केस पिकलेत, कॉलर अजून तशीच बसवतो.
काल हँगर सरकवताना त्याच्या हाताला लागला तो.
पावती उलटसुलट करून पाहिली,
त्याला कुठून वाचता येणार.
हे कुणाचं?
एका बाईंचं, म्हटलं.
घाई नाही.